गाडीलाही उस्ताद लागतो

आमच्या मोहल्ल्यात कुठलीही विद्या उस्तादाशिवाय येत नाही, असे मानले जाते. कुरआन शिकायचे तर मूल चार-पाच वर्षांचे होताच त्याला हाफिजसाहेबांसमोर बसवतात. शिलाई शिकायची तर एखाद्या खालाच्या मशीनजवळ बसून सहा महिने काजे-बटणे करावी लागतात. गॅरेजमध्ये नवा पोरगा लागला, तर पहिले वर्ष त्याच्या हाती पाने आणि चिंध्या एवढेच येते. इंजिनाला हात लावायला उस्तादाची परवानगी लागते. 'बेउस्ताद' हा शब्द आमच्यात कुणी कौतुकाने वापरत नाही.

याला अपवाद एकच, मोटारसायकल. ती चालवायला उस्ताद लागतो, असे कुणालाच वाटत नाही. "सायकल आती ना? बस, हो गया!" एवढ्यावर शिक्षण संपते. बारा-तेरा वर्षांचा पोरगा ईशाच्या नमाजनंतर गल्ली मोकळी झाली की थोरल्या भावाची गाडी काढतो. त्याच्याच वयाचा एक दोस्त मागे बसतो आणि "क्लच छोड, आस्ते छोड!" असे ओरडत राहतो. तीन दिवसांत गाडी पळायला लागते. आठव्या दिवशी हाच पोरगा दुसऱ्या कुणाच्या मागे बसून उस्तादी करतो. घरातले कौतुकाने बघतात. ब्रेक कसा लावायचा, हे या साखळीत कुणी कुणाला सांगत नाही. कारण सांगणाऱ्यालाही ते कुणी सांगितलेले नसते.

मुलींच्या वाट्याला तर एवढीही उस्तादी येत नाही. पोरगी शाळेत जाते, कॉलेजात जाते, नोकरीला लागते, तरी गाडीवर तिची जागा मागचीच. भाऊ, शोहर, मुलगा यांपैकी कुणी मोकळा असेल तेव्हा तिने निघायचे आणि त्याला घाई असेल तेव्हा परतायचे.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही चौघींनी सोलापुरात मोटारसायकल शिकवणारी चांगली शाळा शोधायला सुरुवात केली. चौघी म्हणजे एक भाभी, एक आपा, एक मास्तरीण आणि एक भाची. भाभीचे शोहर २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांची शंभर सीसीची मोटारसायकल तेव्हापासून जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी होती. भाभी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. कापडाचे गठ्ठे आणायचे, तयार माल पोचवायचा, यात रिक्षाभाड्यालाच कमाईचा मोठा तुकडा जायचा. दिराने गाडीला गिऱ्हाईक आणले तेव्हा ती म्हणाली, "बेचनेका नक्को. मैं चलाती." घर थोडा वेळ गप्पच झाले.

आपा नर्स आहे. तिची रात्रपाळी पहाटे सुटते आणि त्या वेळी शेअर रिक्षा भरल्याशिवाय जागची हलत नाही. मास्तरणीची शाळा गावाबाहेर अठरा किलोमीटरवर. भाची एकोणीस वर्षांची. तिला कसलेच कारण नव्हते. गाडी चालवता यावी, एवढेच तिला वाटत होते. गंमत म्हणजे आम्हा तिघींच्या मोठमोठ्या कारणांपेक्षा तिच्या या साध्या इच्छेचाच घरच्यांना जास्त राग आला.

"मग स्कूटी शिका, बायकांना तीच बरी," असे सगळ्यांनी सुचवले. पण नव्या स्कूटीला लाखभर रुपये पडतात आणि भाभीच्या घरी गाडी तयार उभी होती. शिवाय गिअरच्या दुचाकीचे लायसन असेल तर बिनागिअरची चालवता येते. उलटे चालत नाही. म्हणून आम्ही ठरवले की शिकायचे ते गिअरसकट.

शाळा शोधायला लागलो तेव्हा ध्यानात आले, की रस्तोरस्ती दिसणाऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्या बहुतेक मोटारींसाठी आहेत. पहिल्या ठिकाणी टेबलामागच्या गृहस्थांनी आम्हाला चहा पाजला, अदबीने बोलले आणि म्हणाले, "ताई, टू-व्हीलर आम्ही शिकवत नाही. लायसन काढून देतो. गाडी काय, सगळ्यांनाच येते." भिंतीवर आरटीओचा परवाना चौकटीत लावलेला होता, तेवढी गोष्ट चांगली होती. ड्रायव्हिंग स्कूल चालवायला असा परवाना लागतो. पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि शिकणाऱ्यांची नोंदवही ठेवावी लागते. नव्या माणसाने फी विचारण्याआधी तो कागद आणि त्यावरची मुदत बघावी. पण परवाना असणे निराळे आणि शिकवणे निराळे, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळले.

दुसरीकडे पाटी होती, 'फक्त लेडीज, सात दिवसांत गॅरंटी'. पैसे भरण्याआधी एक तास बघू द्या, असे आम्ही सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही, पण त्यांनी बघू दिले. शिकवणारा पंचविशीतला तरुण होता. शिकणारी बाई पुढे, तो मागे. तिचे हात हँडलवर आणि तिच्या हातांवर त्याचे हात. गाडी झोकात फिरत होती. आपा हळूच म्हणाली, "गाडी तो चलाता है, वो तो खाली बैठी है." घरच्यांनी हे पाहिले असते तर हया-शरमेच्या नावाने तिथेच नको म्हटले असते, आणि त्यांचे चुकले नसते. पण हयेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती शिकवण खोटीच होती. क्लच कुठे धरतो, गाडी कुठून ओढ घ्यायला लागते, हे ज्याच्या हाताला कळते तोच शिकतो. त्या बाईच्या हाताला काही कळतच नव्हते. सात दिवसांनी मागचा माणूस उतरला की तिची गाडीही बसणार, हे दिसत होते.

तिसरी शाळा आम्हाला विजापूर रोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर सापडली. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. सोलापुरात तेलुगू घरे पुष्कळ आहेत. मॅडमचे मराठी त्या वळणाचे आणि आवाज हेडमास्तरीणबाईंसारखा. आम्ही प्रश्नांची यादी करून गेलो होतो, पण त्यांनीच आम्हाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सायकल येते का? चष्मा आहे का, शेवटचे डोळे कधी तपासले? गुडघ्याचे, पाठीचे दुखणे आहे का? शिकून झाल्यावर गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची आहे? भाभीने गाडीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "आरसी बुक कुणाच्या नावावर आहे?" ते अजून मरहूम शोहरच्याच नावावर होते. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर गाडी करून घेण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म भरायचा असतो, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हते. दोन वर्षे घरात दीर, जावई, भाऊ सगळे येऊन जाऊन होते. गाडी विकायची बात सगळ्यांनी केली, कागदांची कुणी केली नाही. मॅडम म्हणाल्या, "आधी कागद, मग विमा, मग गाडी. मालक-चालकाचा अपघात विमाही ज्याच्या नावावर गाडी त्यालाच लागू होतो." ही शाळा चांगली आहे, असे आम्हाला त्याच क्षणी वाटले. जिथे आपल्याला प्रश्न विचारतात ती जागा सहसा बरी असते.

मॅडमनी फी सांगितली, ती सात दिवसांच्या गॅरंटीवाल्यांपेक्षा जास्त होती. दिवस किती लागतील, ते मात्र सांगितले नाही. "कुणाला बारा, कुणाला पंचवीस. मी म्हणेन तेव्हा रस्त्यावर." भाचीने तोंड वाकडे केले. आम्हाला मात्र हे उत्तर आवडले. जी शाळा कुणालाच 'अजून नाही' म्हणत नाही, ती सगळ्यांनाच पास करते.

त्यांच्याकडे एका वेळी चारच शिकाऊ. आमच्या चौघींची एक तुकडी झाली. गाड्या जुन्या, पण त्यांचे ब्रेक, टायर, आरसे ठाकठीक. पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, आता किल्ली मिळणार. मॅडमनी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि बंद गाडी मैदानभर ढकलत न्यायला लावली. डावीकडून चालत, दोन्ही हात हँडलवर, दोन बोटे पुढच्या ब्रेकवर. तासभर! दहा-पंधरा पावले गेले की "थांबा" म्हणायच्या आणि आम्ही ब्रेकने थांबवायचे. गाडी शंभर किलोच्या वर. ती कुठे कलते, कुठे हाताबाहेर जाते, किती वाकली की सावरत नाही, हे त्या एका तासात कळले. मग गाडी हळूच आडवी केली आणि उचलायला शिकवले. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, शक्य असेल तर साइड स्टँड बाहेर. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचे, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची कडी धरायची आणि पाठीच्या जोरावर नव्हे, मांड्यांच्या जोरावर उठायचे. भाभीने ती उचलली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. दोन वर्षे ती गाडी झाडताना तिला ती आपल्याने हलणार नाही असेच वाटत होते.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झाले, पण अॅक्सिलरेटरला हात नाही. नुसता क्लच हळूहळू सोडायचा. गाडी पुढे ओढ घेते ती जागा शोधायची, पुन्हा दाबायचा. पन्नास वेळा, साठ वेळा. पुढे महिनाभर जे जे शिकलो, त्याचा पाया हा एवढाच होता. हळू चालवणे हेच अवघड, जोरात तर गाडी स्वतःच सरळ राहते, हे तिथे कळले. आरटीओच्या चाचणीत जो इंग्रजी आठ काढायला लावतात, त्याचा अर्थही तोच आहे: पाय न टेकवता, हळू वेगात, गाडी ताब्यात ठेवणे. काही ठिकाणी नुसता तो आठच गिरवून घेतात, म्हणजे परीक्षेतला प्रश्न आधीच फोडल्यासारखे. मॅडमनी आठ शेवटी शिकवला आणि तो आम्हाला अर्ध्या तासात आला. वळताना त्या एकच ओरडायच्या, "चाकाकडे बघू नका, जायचंय तिकडे बघा!" नजर जिकडे, गाडी तिकडे. खड्ड्याकडे बघत राहिले की गाडी खड्ड्यातच जाते.

सर्वांत जास्त वेळ गेला ब्रेकवर. आमच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाने आम्हाला बजावले होते, "अगला ब्रेक मत मारना, उलट जाओगे." मॅडमनी तो वहम काढला. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचे चाक जमिनीला घट्ट धरते आणि मागचे हलके होते. म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर गाडी लवकर थांबत नाही आणि चाक घसरते. दोन्ही ब्रेक मिळून, पुढचा झटक्याने नव्हे तर पिळत गेल्यासारखा, गाडी सरळ असताना लावायचा. वळणावर, वाळूवर, सांडलेल्या तेलावर मात्र वेग आधीच कमी करायचा. त्यांनी मैदानात चुन्याच्या रेषा मारल्या. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. म्हणजे समोर पोरगे आले हे कळून हात ब्रेकवर पोचेपर्यंत, एक सेकंदात, अकरा मीटर गेलेच. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. भाची पावलांनी ते अंतर मोजून आली आणि त्यानंतर तिने 'किती पळते' हा प्रश्न विचारला नाही.

आता कपड्यांविषयी. हा विषय शाळांत संकोचाने टाळतात, आणि आमच्या बायकांना त्याचीच गरज असते. दुपट्ट्याचे टोक, बुरख्याचा घेर, साडीचा पदर चाकात किंवा चेनमध्ये अडकला की क्षणात माणूस खाली येतो. मागच्या चाकाला जाळी लावणे नियमानेच सक्तीचे आहे. ती काढून गाडी 'स्टाइलिश' करणाऱ्या पोरांच्या मागे त्यांची आईच बसते. मॅडमनी बुरखा काढा असे कधी म्हटले नाही. घेर कमी असलेला, पुढून उघडणारा, आत सलवार असलेला चालेल, टोके आत खोचा, असे सांगितले. भाभीने स्वतःच्या मशीनवर चौघींना तसे शिवून दिले. ओढणी हेल्मेटखाली बांधायची असेल तर पातळ कापडाची, सपाट; आणि टाचण्या अजिबात नाहीत. टाचणीवर हेल्मेट दाबले जाते, अपघातात ती कुठे घुसेल सांगता येत नाही. नकाब असा हवा की दोन्ही बाजूंचे दिसले पाहिजे आणि हनुवटीचा पट्टा घट्ट बसला पाहिजे. हेल्मेट घेताना आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा आकडा बघायचा; रस्त्याकडेला टोपीसारखी मिळतात ती पोलिसाला दाखवण्यापुरती. हे सगळे सांगणारी शाळा मिळाली आणि घरातला निम्मा विरोध आपोआप गळाला. पडदा आणि गाडी यांत एकच निवडा, असे कुणी म्हणतच नव्हते.

उरलेला निम्मा विरोध बड़ी अम्मींनी मोडला. दिराने म्हटले, "मोहल्लेवाले क्या बोलेंगे?" बड़ी अम्मी पंचाहत्तरीच्या. तसबीह थांबवून म्हणाल्या, "हजरत आयशा ऊंटपर बैठके मैदानमें गये थे. ये तो दो चाकां की गाडी है." जेद्दाहला कामाला असलेल्या शेजाऱ्याने फोनवर आठवण दिली, की २४ जून २०१८ पासून सौदीतही बायका गाडी चालवतात. मग मोहल्लेवाले जे बोलायचे ते बोलले आणि थकले. रमजान त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. मॅडमनी स्वतःहून आमचा वर्ग फजरनंतर घेतला आणि सांगितले, "उपवासात दुपारच्या उन्हात गाडी शिकायची नाही. घसा कोरडा, डोके हलके. असल्या वेळी हात उशिरा हलतो." आम्ही त्यांना रोजा म्हणजे काय ते समजावायला गेलो नव्हतो. शिकणाऱ्याचे अंग कसे आहे, हे बघायची त्यांना सवय होती.

मैदान झाल्यावर रस्ता. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. त्या काळात गाडीला लाल रंगात 'एल' लावायचा आणि शिकवणाऱ्याखेरीज मागे कुणाला बसवायचे नाही. मॅडम मागे बसायच्या, पण हात स्वतःच्या मांडीवर. आधी सकाळी साडेसहाचा रिकामा रस्ता, मग बाजाराचा, मग महामार्गाला लागणारा. आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. कितीकांना मागे दिवा नसतो, बाजूने ऊस हातभर बाहेर आलेला. मॅडमनी आम्हाला एक उभी ट्रॉली दाखवली, तिच्या मागे, बाजूला, पुढे उभे केले आणि प्रत्येक जागेवरून ड्रायव्हर दिसतो का ते विचारले. जिथून तो आपल्याला दिसत नाही, तिथून आपणही त्याला दिसत नाही. ही शिकवण पुस्तकात असते, पण उसाची ट्रॉली आमच्या रस्त्यावर असते. शाळा जवळची निवडावी, ती एवढ्यासाठी.

एक नवी गोष्टही इथे सांगायला हवी. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले आहेत. दुचाकी आणि हलक्या वाहनांच्या केंद्राला किमान एक एकर जागा लागते, शिकवणारा बारावी पास आणि पाच वर्षे गाडी चालवलेला असावा लागतो. तिथून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. असे केंद्र जवळपास असेल तर जरूर बघावे. पण तिथेही फी भरण्याआधी एक तास मैदानाच्या कडेला उभे राहावे. शिकवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे का? शिकाऊ पडला तर तो आधी गाडीकडे धावतो की माणसाकडे? शिकणाऱ्याला किती वेळ गाडी मिळते आणि किती वेळ रांग? थांबायला शिकवतात की नुसते पळवायला? या चार गोष्टी कुठल्याही जाहिरातीत लिहिलेल्या नसतात.

हे सगळे बायकांपुरते लिहितो आहोत, असे वाचणाऱ्यांना वाटेल. तसे नाही. आम्हाला शाळा मिळाली, ती आम्ही बायका होतो म्हणून. आम्हाला शिकल्याशिवाय येते असे कुणी गृहीत धरले नाही, म्हणून आम्ही शोधली. पोरांना ती सवड मिळालीच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल सांगतो, की त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. ५० हजारांहून अधिक मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. यांत हिंदू किती, मुसलमान किती हे कुणी मोजत नाही, मोजूही नये. पण आमच्या कब्रस्तानात मिसरूड न फुटलेल्यांच्या कबरी आहेत आणि त्यांतल्या काही कशामुळे झाल्या हे आम्हाला ठाऊक आहे. मागच्या गल्लीतला पोरगा सतरा वर्षांचा होता. जनाज्याला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "मौत का वक्त मुकर्रर है." खरेच आहे. पण आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, अशीच हुजूरांची शिकवण आहे. आम्ही दुसरा भाग पाठ केला, पहिला विसरलो.

सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने फार तर ५० सीसीपर्यंतची बिनागिअरची गाडी चालवता येते. मोटारसायकलला अठरा पुरी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. हे सांगितले की बाप हसतात. "इत्ते लोगां चला रै, किसकू पकडते?" म्हणतात. पकडण्याची गोष्ट आम्ही करतच नाही. शंभर सीसीच्या गाडीची किंमत अठरा वर्षांच्या पोराला परवडावी म्हणून जो बाप दोन पाळ्या करतो, त्याने शिकवणीच्या दोन-तीन हजारांवर हात का आखडावा, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

आमच्या जमातीकडे मैदान आहे. ईदगाह वर्षातून दोन सकाळी भरते. उर्दू शाळेचे पटांगण दर रविवारी रिकामे असते. नमाजच्या जागेचा अदब राखून, शाळेच्या पटांगणावर तरी, रविवारी दोन तास परवानाधारक शाळेची माणसे बोलवावीत, अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना रीतसर शिकवावे, फीचा थोडा भार जमातीने उचलावा. शिलाईचे, संगणकाचे वर्ग आपण काढलेच ना? हाफिजसाहेबांपुढे आम्ही हे बोललो. ते म्हणाले, "लेकिन पहले बापांकू बिठाव." जुम्याच्या बयानात त्यांनी हेल्मेटचा विषय काढला, तेव्हा बाहेर गाड्यांवर बसून बोलणारी पोरे आत आली होती की नाही, माहीत नाही. पण पुढच्या जुम्याला सात-आठ हेल्मेट मशिदीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवलेली दिसली.

चौघींपैकी तिघी पहिल्या चाचणीत पास झालो, चौथी पंधरा दिवसांनी. कोण ते सांगणार नाही, असा करार आहे. आपा पहाटे सात रस्त्यावरून एकटी घरी येते. मास्तरणीच्या शाळेतल्या मुली तिच्या गाडीभोवती गोळा होतात. भाभीची गाडी आता तिच्या नावावर आहे, युनिफॉर्मचे गठ्ठे मागे बांधून ती बाजारात जाते. रिक्षाचे वाचलेले पैसे ती एका डब्यात टाकते आणि डब्यावर तिने मुलीचे नाव लिहिले आहे.

परवा दिराचा पंधरा वर्षांचा पोरगा तिच्याकडे किल्ली मागायला आला. भाभीने किल्ली ओच्यात ठेवली, ताडपत्री काढली आणि त्याला म्हणाली, "ढकल. उस नीमके झाड तक. मैं बोली तो रोकनेका." पोरगा हसत ढकलायला लागला. झाडापर्यंत पोचेस्तोवर त्याचे हसू थांबले होते आणि दोन बोटे ब्रेकवर आली होती. "तीन साल बाकी है," भाभी म्हणाली. "कल फजर के बाद आ."